बिननावाच्या कबरींपाशी

नवऱ्याला जॉर्जियातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही अमेरिकेच्या उत्तरेतलं श्रूजबरी सोडलं. निरोपाच्या जेवणात मराठी मैत्रिणींनी काळजीने विचारलं होतं, "साउथमध्ये राहणार? जपून हं." धाकधूक मलाही होती.

मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्या बाई काळ्या, उंच, साठी ओलांडलेल्या. रक्त काढताना पेशंटशी इतकं मऊ बोलायच्या, की सुई कधी टोचली ते त्याला कळायचं नाही. मला त्या 'बेबी' म्हणायच्या. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. तोंडावर मी त्यांना 'मॅम' म्हणे, घरी मात्र त्यांना आम्ही मावशीच म्हणायचो.

मैत्रिणींचं बोलणं एकदा त्यांना सांगितलं तर हसल्या. "वर नॉर्थमधल्या लोकांना वाटतं, गुलामगिरी फक्त आमच्याकडे होती. त्यांच्या गिरण्यांना कापूस कुठून जायचा, विचार की त्यांना."

एका मार्चमध्ये त्यांचे गुडघे फार दुखत होते. म्हणाल्या, "शनिवारी माझ्याबरोबर येशील? माझ्या माणसांची जागा साफ करायचीय."

जागा म्हणजे त्यांच्या घराण्याची जुनी दफनभूमी. ती गावाबाहेर होती, एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीत. त्याच्या पूर्वजांनी मावशींच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवलेलं, आणि त्याचा पणजोबा यादवी युद्धात साउथकडून लढलेला. गुलामांना मालकाचंच आडनाव लागायचं, म्हणून दोघांचं आडनावही एकच. दर वर्षी मावशी फोन करायच्या, तो येऊन फाटकाचं कुलूप काढायचा आणि ट्रकमध्ये बसून राहायचा. 'मॉर्निंग'च्या पलीकडे बोलणं नाही.

मी उत्साहाने कामाला लागले. पाचोळा ओढला, वेली तोडल्या. कोपऱ्यात घायपातीसारख्या टोकदार पानांचं एक झुडूप माजलं होतं, ते फावड्याने मुळासकट उपटलं. मागे वळले तर मावशी घडीच्या खुर्चीत ताठ बसलेल्या.

"बेबी, ती कबर होती."

मला अर्थच लागेना.

"नाव कोरलेला दगड आमच्या लोकांना कोण देणार? माणूस पुरला की हे झुडूप लावायचे. सहजी मरत नाही ते."

मी तिथेच मातीत बसले आणि मला रडू फुटलं. मावशींनी रुमाल पुढे केला. "तुला काय माहीत? मीच आधी सांगायला हवं होतं. आता पूस डोळे आणि खड्डा खण."

तेवढ्यात ट्रकचं दार वाजलं. म्हातारा पाण्याचा कॅन घेऊन आला. त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं, खड्डा नीट खोल केला, गुडघे टेकून झुडूप बसवलं, माती दाबली.

"ही झुडपं तोडायची नाहीत, असं माझी आजी सांगायची," तो म्हणाला. "का, ते कधी बोलली नाही."

"तुमच्या आजींना ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या.

"हो मॅम. ठाऊक असणार."

त्याच्या तोंडून ते 'मॅम' पहिल्यांदाच आलं होतं, हे मला मावशींच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुपारी मी डब्यातले धपाटे काढले. म्हाताऱ्याने दोन खाल्ले आणि त्यावर तांब्याभर तरी पाणी प्यायला. निघताना त्याने जुडग्यातून फाटकाची चावी सोडवली आणि मावशींपुढे धरली. "दर वेळी फोन कशाला?"

मावशींनी चावी पर्समध्ये टाकली. आभार मानले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "थँक यू म्हणायला हवं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटतं." मग सीट मागे करून, पाय लांब करून त्या आपल्या पणजीबद्दल बोलायला लागल्या. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं, सगळं आजीकडून ऐकलेलं. घर आलं तरी उतरेनात. पणजी म्हणे इतक्या मोठ्याने हसायची, की शेतापलीकडच्या माणसांनाही कारण न कळता हसू यायचं.