गोवंडीचा मुक्काम

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर शहरातली बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणूस घरी स्वस्थ बसेल, दुपारी झोपेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेली एक मिनीबस त्याने विकत घेतली आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन लावली. मग रोज सकाळी डबा घेऊन तो तिकडे जायचा, ड्युटीवर गेल्यासारखा. पावसाळा संपता संपता गाडी मालाडला आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली. आत एक पलंग, रात्री उघडून झोपता येईल असा बाक, छोटासा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, दिवे. खिडक्यांना पडदे मी शिवले होते.

"आता जिथे वाटेल तिथे थांबायचं," तो म्हणाला. "कुणी बेल मारणार नाही."

पहिली सफर मालवणची ठरली. बरोबर माझी नणंद. ती नवऱ्याहून मोठी, आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. आमच्याच मजल्यावर राहते. तिचे यजमान त्याच वर्षी गेले होते आणि तेव्हापासून तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. भाजीसुद्धा दारात घ्यायची. तिला गाडीत बसवायला आम्हाला किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या ते आमचं आम्हाला माहीत. शेवटी आली, पण अटी घालून. तिची उशी, तिचा तवा आणि घावन्यांचं पीठ बरोबर पाहिजे. "त्या खेळण्यातल्या शेगडीवर काय शिजतं ते बघतेच मी," असंही वर ऐकवलं.

दुपारी निघालो. ऑक्टोबरचा महिना, आकाश स्वच्छ, पाऊस गेला असं सगळेच म्हणत होते. घाटकोपर सोडून मानखुर्दच्या रस्त्याला लागलो आणि समोरचं आकाश काळं झालं. आधी वारा सुटला. एका दुकानाचा फलक आमच्या पुढून कागदासारखा उडत गेला. मग पाऊस असा कोसळला की वायपर नुसताच हलत राहिला. थोड्या वेळात रिक्षांची चाकं दिसेनाशी झाली. चौकात छत्री उलटी झालेला एक ट्रॅफिक हवालदार उभा होता. त्याने काचेवर हात मारला.

"पुढे पाणी आहे काका, वाट लागलीय. डावीकडे घ्या, वर चढ आहे, तिथे लावा."

"कुठे आहे हे?" मी विचारलं.

"गोवंडी. कुठे म्हणजे काय?"

इतकी वर्षं मुंबईत काढली, पण गोवंडीत माझा पाय कधी पडला नव्हता. चढावर एका बुद्धविहाराच्या फाटकासमोर जागा होती. नवऱ्याने गाडी तिथे लावली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून आमच्याकडे बघत हसला. ताई हसली नाही.

"तुका आधीच सांगलंय ना, ट्रेनची तिकिटा काढ म्हणान!" ती रागावली की मालवणीवर येते. "मालवणाक जातंय म्हणान निघालंय आणि हाडलंस खंय? गोवंडीक!"

फाटकाच्या आत एक मांडव होता, किंवा थोड्या वेळापूर्वी असावा. आता त्याचं कापड एका बाजूने जमिनीवर लोळत होतं आणि चार-पाच माणसं बांबू धरून उभी होती. मागच्या हॉलच्या दारातून बायका, मुलं, खुर्च्या असं सगळं बाहेर येत होतं, कारण हॉल सखल आणि आत घोटाभर पाणी. वीजही गेली होती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पदर वर खोचून फुगे वाचवत होत्या. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मग आमच्या दारावर थाप पडली. एक वयस्कर बाई उभी होती, नखशिखांत भिजलेली.

"ताई, राग मानू नका. नातीचं बारसं आहे आज. बाळाला तेवढं आत घेता का? घरात पण पाणी शिरलंय. रडून रडून लाल झालीय पोर."

मी काही बोलायच्या आधीच आमची ताई उठली. "अगो, विचारतेस काय? आण तिला!"

बाळ आणि तिची आई आत आली. ताईने बाळाच्या आईला कोरडा टॉवेल दिला, तिला पलंगावर बसवलं, पंखा लावला आणि स्वतः बाळाला घेतलं. दुपट्यात गुंडाळलेलं ते लालबुंद प्रकरण ताईच्या खांद्यावर दोन-चार वेळा किंचाळलं आणि मग तिच्या ब्लाउजचा काठ चोखत गप्प झालं. ताई हलायला तयार नाही. मला नुसतं डोळ्याने खुणावलं, "चहा टाक."

आमच्या गाडीत दिवे आहेत, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आधी बाळाचे वडील आले, मग आजी परत आली, मग मोबाइल चार्ज करायला शेजारी आले. आमच्या ओट्यावर फोनांची रांग लागली. नवरा खुशीत होता. दारात उभा राहून तो अगदी कंडक्टरच्या आवाजात सांगत होता, "पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी करू नका!" निवृत्तीनंतर इतका आनंदी मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

बोलता बोलता कळलं की कुटुंब मूळचं जालन्याकडचं. बाळाचे आजोबा कामासाठी आले ते इथेच राहिले. बाळाचे वडील मालाडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतात. आमच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल असं त्यांचं ऑफिस! त्यांनी रोज आमच्या गल्लीत यायचं आणि आम्ही त्यांच्या गल्लीत असं वादळात अडकून यायचं, याचं सगळ्यांनाच हसू आलं.

आता अडचण एकच होती. बाळाची आत्या आली नव्हती. ती साकीनाक्याला कपडे शिवायच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर. अर्धा दिवस काम करून निघाली होती आणि रिक्षा पाण्यात बंद पडली होती. तिचा फोन आला तो गाडीत सगळ्यांना ऐकू गेला.

"मी चालत येतेय! माझ्याशिवाय नाव ठेवलंत ना, तर बघा!"

"अगं, एवढ्या पाण्यातून?" आजी म्हणाली.

"आत्या कोण आहे? मी आहे ना? मग थांबा!"

थांबलो. ताईने बाळ आईकडे दिलं, पदर खोचला आणि तवा चढवला. त्या खेळण्यातल्या शेगडीवर तिने जी घावने काढायला सुरुवात केली, ती पीठ संपेपर्यंत. सोबत विहाराच्या माळ्यावर सुखरूप राहिलेली पाहुण्यांची बटाट्याची भाजी. एकेक घावना खिडकीतून बाहेर जायचा आणि बाहेरून पावती यायची, "झकास, आजी!" आजी म्हटल्याबद्दल ताईने कुणाला झापलं नाही, हे मी मनात नोंदवलं.

उजेड सरायच्या आधी आत्या आली. चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत, केस चिकटलेले आणि डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये बांधलेला केकचा खोका. बाहेर छत्र्यांखाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाळणा मांडवात अडकला होता, म्हणून माझी एक सुती साडी पलंगाच्या वरच्या दांड्याला बांधून झोळी केली. दांडा नवऱ्याने दोनदा ओढून पाहिला. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ओट्यावर ठेवली, मेणबत्त्या लावल्या. गल्लीतले एक आजोबा वंदना म्हणायला आत आले. आमचं छत ठेंगणं, त्यामुळे त्यांना मान वाकवूनच उभं राहावं लागलं. त्यांच्या मागून आतले म्हणाले, मग बाहेरचे म्हणाले. पत्र्यावर पाऊस, वंदनेचे सूर, खिडक्यांना चिकटलेली ओली तोंडं. मला शब्द येत नव्हते. मी हात जोडून उभी राहिले, आणि शेजारी पाहिलं तर ताईही.

मग आत्या झोळीवर वाकली आणि बाळाच्या कानात कुजबुजली. पाठीवर बायकांचे धपाटे पडले. तिने सरळ उभं राहून मोठ्याने नाव सांगितलं.

मग बाळाचे वडील म्हणाले, "अगं ए! हे नाही ठरलं आपलं!"

"माहितीय."

"केकवर दुसरं लिहिलंय!"

"माहितीय. मीच आणलाय ना केक. तू इंटरनेटवरून काढलेल्या त्या नावाचा अर्थ मी युनिटमधल्या सगळ्या बायकांना विचारला. प्रत्येकीने वेगळाच सांगितला. तीन तास पाण्यातून चालताना विचार करत होते, मला हे नाव हाक मारता येईल का? नाही येणार. म्हणून आपल्या आजीचं, बाबांच्या आईचं ठेवलं."

बाहेर एकच गलका. खिडकीजवळचे मागच्यांना सांगत होते, मागचे "काय? काय?" करत होते. वडील कपाळाला हात लावून उभे. बाळाची आई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. नंतर ती मला हळूच म्हणाली, "मला पण तेच हवं होतं हो. मी बोलले नाही."

निवाडा आजीने केला. "कानात गेलं ते गेलं. आता काढता येतं का?" असं म्हणून तिने केकवरचं नाव सुरीने सपाट केलं आणि कापायला घेतला. वडीलही हसले. ते नाव मी इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण ताईला ते फार आवडलं. झोळीला झोका देत ती बाळाला त्याच नावाने हाका मारत बसली.

सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं आणि पाणी ओसरलं होतं. निरोप घेऊन नवरा ऐटीत स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली आणि गाडी नुसतीच खाकरली. दिवे, पंखा आणि अख्ख्या गल्लीचे मोबाइल यांनी बॅटरी पिऊन टाकली होती. मग काय, बाळाचे वडील, वंदना म्हणणारे आजोबा, मी, सगळ्यांनी मागून धक्का मारला. उतारावर गाडी एकदाची सुरू झाली. मी धावत जाऊन चढले, तर माझ्या जागेवर, पुढे काचेपाशी, ताई बसलेली.

"तू मागे बस गं," ती म्हणाली. "मला रस्ता बघायचाय."

खाडीचा पूल आला तेव्हा तिने खिडकी पूर्ण खाली केली आणि भावाला विचारलं, मालवणच्या आधी आणखी कुठे कुठे थांबता येईल.