मामाखालची चादर

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्याने कळवतो की, आज दुपारी मी, एक ठणठणीत गृहस्थ, अंथरुणाला खिळलो.

माझी भाची मेघा नर्सिंग शिकते. रुग्णाला न उठवता त्याच्या खालची चादर बदलायच्या परीक्षेत ती नापास झाली. सुट्टी संपताच ती परीक्षा पुन्हा आहे. म्हणून सराव माझ्यावर!

"मामा, अंग सैल सोडा. तुम्हाला उठता येत नाही."

"चहापुरतं तरी?"

"बोलताही येत नाही!"

तिने मला कुशीवर वळवलं. नाकासमोर पलंगाची कड, खाली फरशी. मी ती कड घट्ट धरली. खांद्यावरचा तिचा हात सारखी पकड बदलत होता. वाचलेलं पुन्हा वाचता येतं. हाताने शिकलेलं मात्र दुसऱ्याच्या अंगावर सराव केला तरच ताजं राहतं. आणि आपला भार निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हातांवर सोडणं? तेही लहानपणानंतर आपण विसरतोच की! मी अंग सोडलं. तिचा हात स्थिर झाला. मला अलगद दुसऱ्या कुशीवर घेत तिने नवी चादर सरकवली. एक सुरकुती नाही!

दारातून श्वास रोखून पाहणारी माझी बायको एकदम ओरडली, "अगं, मलाही शिकव हे! हे घोरायला लागले की मी नुसती ढकलते!"