दादाचा तोच आकडा

सिल्वासाच्या लॅबमध्ये माझी निम्मी जिंदगी गेली. रक्ताच्या नळ्यांना मी घाबरत नाही. दादाची, माझ्या सख्ख्या भावाची नळी आली की मात्र लेबल दोनदा वाचते. आमचे आप्पा प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा तो हाडांत उतरला होता. म्हणून दादाने पन्नाशी ओलांडल्यापासून मी त्याला दरवर्षी धरून आणते आणि पीएसए करते.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून स्रवणारं एक प्रथिन. वीर्याचा घट्टपणा मोडून ते पातळ करायचं, हे त्याचं काम. रक्तात त्याला काही काम नाही; थोडं पाझरतं, तेवढंच आम्ही मोजतो. ग्रंथीत बिघाड झाला की जास्त पाझरतं.

त्या वर्षी आकडा आला तो आदल्या वर्षीचाच, तीनच्या आत, म्हणजे नॉर्मल. दादा खूश. खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात तो शिफ्ट सुपरवायझर आहे. तिथून येताना पेढेच घेऊन आला. मीही एक तोंडात टाकला. तेवढ्यात तो पिशवी उचलायला वाकला आणि टक्कल पडलेल्या जागी मला चक्क कोवळे केस दिसले.

विचारलं तर आधी तेलाचं नाव सांगितलं. मी काय सोडतेय! शेवटी कबूल झाला. कारखान्यात पुण्याहून आलेली इंजिनिअर पोरं त्याला काका म्हणायला लागली, ते त्याला झोंबलं आणि हा पठ्ठ्या मेडिकलमधून केस उगवायची गोळी आणून वर्षभर गिळत होता. वहिनींनाही पत्ता नाही. मला का नाही बोललास, तर म्हणे रक्त काढताना तू औषधं विचारलीस, केसाची गोळी काय औषध असते का.

माझं डोकंच फिरलं. प्रोस्टेट ज्या हार्मोनच्या जोरावर हे प्रथिन बनवते, तेच ही गोळी कमी करते. रक्तातला आकडा साधारण निम्म्यावर यायला हवा होता. दादाचा तसूभर उतरला नव्हता, म्हणजे खरा आकडा दुप्पट झाला होता. हे सगळं तिथेच समजावलं. तो म्हणाला, रिपोर्टवर तर नॉर्मल छापलंय.

“छापणारी मीच आहे. उद्या सुरतेला जायचं.”

सुरतेच्या डॉक्टरांनाही माझं पटलं. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता. दादाने एवढंच विचारलं, “आप्पांसारखं होईल का गं?” मी ठामपणे नाही म्हटलं, आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

ऑपरेशन करून ग्रंथी काढली. ग्रंथीच नाही म्हटल्यावर ते प्रथिन रक्तात सापडता कामा नये. सापडलं तर कॅन्सर कुठेतरी उरलाय. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी रक्त मीच काढलं, मशीनवर मीच लावलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मशीनला मोजताही येत नाही इतकं कमी निघालं.

दादाला फोन लावला, सांगितलं की काही सापडलं नाही. मग घाबरलेल्या वहिनींनी फोन घेतला. हे रडतायत, काय आलं रिपोर्टमध्ये, म्हणाल्या.

“रडू द्या वहिनी,” मी म्हटलं. “चांगलंच आलंय.”