एक जानेवारीच्या पोरी

फुकट शिक्षणाची गोष्ट घेऊन कुणी तुमच्या दारात आलं, तर आधी चहा विचाराल की ओळखपत्र?

रियाधच्या अल मलाझमध्ये राहणाऱ्या ताजुन्निसानं ओळखपत्र मागितलं. आलेला गडी सुटाबुटातला, बोलायला गोड. अफगाणी मुली निवडून परदेशातल्या निवासी शाळेत पाठवणारी त्याची संस्था. ताजुन्निसा मूळची दापोलीकडची, घरीच इंग्रजी-गणित शिकवते, आणि तिच्याकडं सात अफगाणी मुली येतात. “यातल्या तीन निवडा, मुलाखतीला तयार करा,” तो म्हणाला. तिनं त्याचं कार्ड ठेवून घेतलं, शाळेचा नंबर स्वतः शोधला आणि तिथल्या बाईंची फोनवर तासभर उलटतपासणी घेतली. माणूस खरा निघाला. तरी हिचं मन निवळेना. तिच्या धाकट्या भावाला असल्याच एका गोडबोल्यानं जहाजावरची नोकरी सांगून दम्मामच्या उन्हात खड्डे खणायला लावले होते.

मग अर्ज आले. अट एकच, वय पंधराच्या आत. तिनं सातही पासपोर्ट टेबलावर मांडले आणि तिचं डोकं फिरलं. पाच जणींचा जन्म एक जानेवारीचा.

“एकाच एजंटचं काम,” ती म्हणाली. पाचही नावांवर काट मारली, ‘तारखा संशयास्पद’ असा शेरा लिहिला आणि यादी त्याच दुपारी संस्थेला पाठवून मोकळी झाली. त्यात झोयाही गेली. तंदूरवाल्याची पोरगी, सगळ्यांत हुशार. इथली शाळा बापाला सहावीपर्यंतच झेपली, आणि तिकडं मायदेशात सहावीनंतर मुलींच्या शाळांना कुलूप. ही जागा गेली की झोयाचं शिक्षण तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आमिना आली. बसलीसुद्धा नाही. पेशावरकडच्या उर्दूत तिनं सरळ विचारलं, “बाजी, माझी पोरगी खोटी?”

“पोरगी नाही, तारीख खोटी. पाच जणी एकाच दिवशी जन्मल्या?”

“आमच्या डोंगरात तारीख कोण लिहून ठेवतं? बर्फ कमरेएवढा होता, एवढं मला ठाऊक. पासपोर्टवाल्याला मी हिवाळा म्हटलं, त्यानं पहिली जानेवारी टाकली. सगळ्यांचीच टाकतो.”

“आणि वर्ष? तेही त्यानंच टाकलं?”

आमिना बोटांवर हिवाळे मोजायला लागली. ताजुन्निसाला वाटलं, सापडली.

तेवढ्यात आतून ताजुन्निसाचा नवरा जाफर बोलला. “अगो, माझा इकामा, ते इथलं रहिवासी कार्ड, काढ बघू. जन्म एक जून. माझ्या भावाचा? एक जून. आपल्या मास्तरनं अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला. निकाहच्या वेळी नाही तुला संशय आला?”

“तुम्ही मध्ये पडू नका.”

“पडणार. तिच्या बापाकडून तमीसच्या रोट्या आणायला मी जातो, तू नाही. ही पोर आली तेव्हा पिठाच्या पोत्याला धरून उभी राहायची, पाऊल टाकायला घाबरायची. आपला अयान तेव्हा पहिलीत होता.”

ताजुन्निसानं मनात मोजलं. अयान यंदा अठराचा. पोर चौदाच्या वर जातच नव्हती. चूक कबूल करणं या बाईच्या स्वभावात नाही. तिनं झोयाला बोलावून घेतलं, मुलाखतीचा पहिला प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना मान खाली घातली म्हणून झापलं. मग संस्थेला फोन लावला.

“शेरा तुमचाच आहे, मॅडम,” पलीकडून उत्तर आलं. “आता प्रत्येकीला लहानपणापासून पाहिलेले दोन साक्षीदार द्या. नातेवाईक चालणार नाहीत.”

बाकी चौघींच्या घरच्यांनी शेजारी उभे केले. तंदूरवाला दुकानामागंच राहतो, शेजार नाही; तो कुणाला आणणार? माणसं गरम तमीस कागदात गुंडाळून घेतात आणि निघून जातात, नाव कोण सांगतं? जाफरनं सही केली. दुसरी सही अजून नाही, आणि मुदत येत्या गुरुवारपर्यंतच.

बारा वर्षांपूर्वी तुम्ही मलाझच्या बाजारामागच्या त्या तंदूरवरून रोटी नेत असाल, पोत्याला धरून उभी ती पोर तुम्हाला आठवत असेल, तर गुरुवारच्या आत ताजुन्निसाकडं या आणि तेवढीच एक सही करा.