एका पानावरची लाल शाई

“बाई, ही नोंद बनावट आहे,” असं प्रांत ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले तेव्हा मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली. जनगणना केली, मतदार याद्या केल्या, शौचालयं मोजली, पोषण आहाराची खिचडी चाखून सही केली. पण बनावट दस्तऐवजाचा संशय माझ्यावर आजवर कुणी घेतला नव्हता. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला मोठी भूमिका देऊ केली होती.

मी मुख्याध्यापिका आहे. शाळा तिसगावपासून सात-आठ किलोमीटरवर. गावात मला ‘शेख बाई’ म्हणतात. स्नेहसंमेलनाची नाटकं मी बसवते, आणि पोरं आजारी पडली तर त्यांच्या भूमिकाही करते. त्या गुरुवारी मात्र मी नाटकाला नाही, नोटीस आली म्हणून गेले होते. ‘मूळ रजिस्टरसह समक्ष हजर राहावे.’

माझ्याबरोबर दोघं होती. प्रज्ञा साळवे, आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी, आणि तिचे आजोबा गंगाराम आबा, वय चौऱ्याऐंशीच्या आसपास. प्रज्ञाचा सरकारी नर्सिंग कॉलेजला नंबर लागला होता. सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते. सगळे होते, एक नव्हता. जातीचा दाखला. तिचे वडील मार्केटला हमाली करतात. त्यांनी जन्मात दाखला काढला नाही, कारण पोतं उचलायला तो लागत नाही.

आता हा दाखला काय असतो ते सांगते, कारण नोकरी लागेपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. साळवे मंडळी बौद्ध. बौद्ध हा धर्म झाला, आणि सवलत असते अनुसूचित जातीला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांची सवलत जात नाही, हे कायद्यानं मान्य केलंय. पण त्यासाठी दाखवावं लागतं की बौद्ध होण्याआधी तुम्ही कोण होतात. म्हणजे जे सोडून तुमच्या घरच्यांना साठ-सत्तर वर्षं झाली, त्याचाच पुरावा आणा. आणि तोही शक्यतो दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नासच्या आधीचा.

असा पुरावा मिळायची हक्काची जागा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. प्रत्येक पोराची एक ओळ. नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात, कधी आला, कधी गेला. आबा स्वातंत्र्याच्या वर्षी आमच्याच शाळेत दाखल झाले होते. त्यांची ओळ सापडली. मी उतारा दिला, झेरॉक्स जोडली, प्रज्ञानं सेतू केंद्रातून अर्ज भरला. आठ दिवसांत तो परत. कारण एकच: ‘पुराव्यात खाडाखोड.’

खाडाखोड होतीच. जातीच्या रकान्यात काळ्या शाईनं ‘हिंदू म्हार’ लिहिलेलं. त्यावर पट्टी धरून मारलेली लाल रेघ. वर लाल शाईत ‘बौद्ध’. सही नाही, आदेशाचा नंबर नाही, तारीख नाही.

“शाई वेगळी, अक्षर वेगळं,” भाऊसाहेब म्हणाले. पदानं ते अव्वल कारकून, म्हणजे प्रांतसाहेबांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या चष्म्याखालून जातो. “अशी एक ओळ बदलायला कितीसा वेळ लागतो? आम्ही रोज बघतो.”

“भाऊसाहेब, दाखला मिळवायला कुणी खोटेपणा करायचा ठरवला, तर तो जात लिहील की खोडेल?” मी विचारलं.

ते थोडे अडकले. पण कारकून अडकला तरी नियम अडकत नाही. खाडाखोडीची नोंद ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

माणूस वाईट नव्हता, हे आवर्जून लिहिते. त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं, सोमवारचं ऐकलं, आणि ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. प्रतिज्ञापत्राचा नमुना. आबांनी सही करायची, मी मूळ नोंद कायम असल्याचं पत्र द्यायचं, शुक्रवारी दाखला हातात. त्यांनी तो वाचूनही दाखवला. आमचे कुटुंब हिंदू महार जातीचे असून, शालेय अभिलेखात ‘बौद्ध’ असा उल्लेख तत्कालीन मुख्याध्यापकांकडून नजरचुकीने झालेला आहे.

मला हायसं वाटलं. मी आबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, “करून टाका सही. कागदच आहे. पोरीचं काम होतंय.”

आबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. मग विचारलं, “कुनाची चूक म्हनलं?”

“त्या वेळच्या मास्तरांची,” भाऊसाहेब म्हणाले.

“मास्तर न्हाई चुकला.” आबांनी टोपण परत लावलं. “आमी त्याला बसवून लिवून घ्येतलं.”

“अहो आजोबा, ते फक्त भाषेपुरतं असतं.”

“व्हय. मग भाषा बदला.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्रज्ञाकडे. म्हटलं, पोरगी समजावेल. जागा तिची जाणार होती. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र स्वच्छ होता. ती म्हणाली, “आबा, नका करू सही. मी पुढच्या वर्षी परत बसेन परीक्षेला.”

इथं मला माझी लाज वाटली. दर वर्षी जयंतीला पोरांकडून समतेच्या घोषणा पाठ करून घेणारी मी, आणि एका म्हाताऱ्याला म्हणत होते, कागदच आहे.

मग आबांचं बोलणं डोक्यात उलटं फिरलं. मी विचारलं, “आबा, ‘आमी’ म्हणजे कोण?”

“आमी म्हंजी समदी वस्ती. येकट्या माज्यासाटी कोन येवढं करतंय?”

आता माझी चूक सांगायची वेळ आली. उतारा देताना एकाच मुलाची ओळ दाखवायची आणि बाकीच्या ओळी कोऱ्या कागदानं झाकायच्या, असा आमचा रिवाज आहे. दुसऱ्याची माहिती तिसऱ्याला कशाला? त्या दिवशी शाळेत प्रवेशाची गर्दी होती. मी ओळ शोधली, वर-खाली कागद लावले, क्लिपा मारल्या आणि झेरॉक्स काढली. पान म्हणून ते पान मी वाचलंच नव्हतं. रजिस्टर प्रांत ऑफिसात आणतानाही ते कागद तसेच ठेवले होते. भाऊसाहेबांनीही एकच ओळ पाहिली, आणि एका ओळीत खाडाखोड म्हणजे भानगड. त्यांचं तरी काय चुकलं?

क्लिपा तिथंच काढायला माझा हात शिवशिवत होता. पण नाटकातला एवढा प्रवेश एकट्या कारकुनासमोर वाया घालवणार नव्हते. प्रांतसाहेबांना भेटायचंय म्हणाले. साहेब कामात आहेत, असं उत्तर आलं. माझा आवाज मैदानाच्या टोकाला उभ्या पोराला हाक मारण्यासाठी घडलेला आहे. त्या आवाजात मी भाऊसाहेबांना सांगितलं की बनावट नोंदीचा आरोप असेल तर मला अटक करा, मी डबा घेऊनच आले आहे.

आतलं दार उघडलं.

प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी. दाखला त्यांच्या सहीनं निघतो. हे साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी आबांना आधी खुर्ची दिली. मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं, भाऊसाहेबांना म्हणाले, “तुम्हीही या, तुमच्याशिवाय मजा नाही,” आणि पानावरचे कागद काढले.

पानभर लाल रेघा होत्या. सलग नव्हेत. मधे पाटलाचं पोर काळ्यात तसंच, सुताराचं तसंच, आमच्या मोहल्ल्यातलं एक तसंच. आणि त्यांच्यामधून, एकही न चुकता, वस्तीतलं प्रत्येक पोर लाल. तीच शाई, तीच पट्टी, तोच ‘बौद्ध’. मी पुढचं पान उलटलं. तिथंही. चार पानं. साहेबांनी बोटानं मोजली. एकोणीस नावं. त्यानंतर दाखल झालेल्या वस्तीतल्या पोरांपुढे थेट काळ्या शाईत ‘बौद्ध’.

“बनावट करणारा स्वतःपुरतं करतो साहेब,” मी म्हणाले. “गावभर करत नाही.”

साहेबांनी आबांना विचारलं, हे कसं झालं.

आबांनी सावकाश सांगितलं. वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, शाळा सुटून गेलेली. त्यांचे वडील आणि वस्तीतली माणसं शाळेत गेली आणि रजिस्टरातली जात खोडा म्हणाली. मास्तरांनी सांगितलं, वरून आदेश पाहिजे. माणसं म्हणाली, जात लिहिताना कुणाचा आदेश आणला होता? तरी मास्तर ऐकेनात. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतलं एकही पोर शाळेत गेलं नाही. दहा दिवस. आणि नेमकी शाळा तपासणी आलेली. तपासणीचे साहेब घोड्यावरून येणार, आणि वर्गात पोरं अर्धी. अकराव्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः वस्तीवर आले, बगलेत रजिस्टर, खिशात दौत.

“ज्यानं आमाला व्हरांड्यात बशिवलं, त्यो आमच्या वट्यावर बसला,” आबा म्हणाले. “माज्या बापानं येक येक नाव सांगितलं. शाळा सोडलेल्यांचीबी. मास्तर म्हनला, ह्ये तर गेले आता, ह्यांचं कशाला? बाप म्हनला, ह्ये गेले, पर तुज्या वहीत म्हार म्हनून बसल्यात. त्यानला उठव.”

मग ते प्रांतसाहेबांना म्हणाले, “आता तुमी म्हनता पुरावा न्हाई. गावाला इचारा की. गावाच्या समदं ध्यानात हाय. कागदालाच तेवढा इसर पडला व्हय?”

भाऊसाहेब खाकरले. शेवटचा किल्ला त्यांनी लढवला. “साहेब, भावना बरोबर आहे. पण दुरुस्तीला सक्षम अधिकाऱ्याचा आदेश नाही.”

“नाहीच आहे,” प्रांतसाहेब म्हणाले. “म्हणजे कायद्यानं मूळ नोंद कायम. ती पन्नासच्या आधीची आहे आणि रेघेखाली स्पष्ट वाचता येते. आपल्याला पहिला पुरावा तोच हवा. दुसरा पुरावा हवा की ते बौद्ध झाले. तो वर लाल शाईत आहे. भाऊसाहेब, एका रकान्यात दोन्ही पुरावे देणारा अर्ज तुम्ही याआधी कधी पाहिलाय?”

भाऊसाहेबांनी पाहिलेला नव्हता.

चारही पानांच्या पूर्ण झेरॉक्स मी साक्षांकित केल्या. आबांचा जबाब भाऊसाहेबांनी स्वतः लिहून घेतला. त्यात ‘नजरचुकीने’ आलं नाही. आबांच्या सांगण्यावरून ‘मागणी करून’ असा शब्द आला. जबाब दोनदा वाचून घेऊन आबांनी सही केली, पूर्ण नावाची. निघताना त्यांनी रजिस्टर जवळ ओढून आपली ओळ पाहिली आणि मास्तराचं अक्षर तेव्हाही गचाळच होतं, एवढा शेरा दिला.

शुक्रवारी दुपारी दाखला निघाला. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांसाठी असतो तोच नमुना. सोमवारी प्रज्ञाचा प्रवेश झाला. पुढे दाखल्याची पडताळणी करणाऱ्या समितीपुढे पुन्हा तीच चार पानं गेली आणि सहा महिन्यांनी तिथूनही सहीसलामत परत आली. प्रज्ञा आता दुसऱ्या वर्षाला आहे. मला इंजेक्शन द्यायचं म्हणून मागे लागते. मी अजून दाद दिलेली नाही.

त्या एकोणीस नावांपैकी सात घरांची नातवंडं त्याच वर्षात माझ्याकडे उताऱ्याला आली. त्यातल्या तिघांचे अर्ज आधी ‘खाडाखोड’ म्हणून परत आले होते, आणि ती पोरं गप्प बसली होती. आता भाऊसाहेब फोन करून मलाच पान नंबर विचारतात आणि अर्ज पुढे सरकवतात. परवा म्हणाले, “बाई, तुमचं ते रजिस्टर जरा सांभाळून ठेवा.” बनावट म्हणाले होते, याची आठवण मी दिली नाही. सगळेच टाळ्यांचे संवाद एकाच माणसानं घेऊ नयेत.

तात्पर्य म्हणून दोनच गोष्टी. खोडलेली ओळ दिसली तर निकाल देण्याआधी पान बघावं. आणि चूक झाली नसेल तर ‘नजरचुकीने’ लिहिलेल्या कागदावर सही करू नये, मग सोमवार कितीही जवळ असो. त्या दिवशी ‘करून टाका’ म्हणणारी मी होते. ती चूक मात्र खरी, आणि तिचं प्रतिज्ञापत्र करून द्यायची माझी तयारी आहे.