रोज संध्याकाळी बंदर

कुलूपवाल्यांना संशय येत नसे, तो त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. त्यांच्या पंगतीला बसे, त्यांच्याबरोबर अंथरुणावर पडे आणि डोळा लागतोय न लागतोय तोच त्यांना उठवून दाराची कडी बघायला पाठवी. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. हे फुंकण्याआधी ताक कोणी आणलं ते विचारत. आता यात त्यांचा फारसा दोष नव्हता म्हणा. जगातली झाडून सगळी कुलपं किल्लीवाचूनही उघडतात, हे ज्याला स्वतःच्या हातांनी ठाऊक, त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

अशा माणसाने शिडाची बोट विकत घेतली. तीही जुनी, तीही कुठल्या कुठे लांबच्या बंदरात उभी असलेली. गल्लीने हातातली कामं बाजूला ठेवून यावर विचार केला. कोणी म्हणालं, डॉक्टरांनी खारी हवा सांगितली असेल. कोणी म्हणालं, बायकोला कंटाळले. बायको म्हणाली, "कंटाळले असते तर बोट कशाला, दुकान आहे की." खरं कारण साधं होतं आणि म्हणूनच कोणाला पटलं नाही. कुलूपवाल्यांचं दुकान इतकं चिंचोळं की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागत. सुटीच्या दिवशी ते खाडीवर जाऊन लोकांच्या होड्या हाकत आणि तिथे हात पसरून बघत. आपली स्वतःची बोट असावी, आणि एकदा तरी ती अशा ठिकाणी न्यावी जिथून कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

बोट विकणारा होता एक निवृत्त दातांचा डॉक्टर. त्याने बोटीतले सगळे दोष स्वतःहून दाखवले. शिडाला इथे ठिगळ आहे, इंजिन सकाळी रुसतं, ही खिडकी गळते. कुलूपवाल्यांना हे फार खटकलं. लहान दोष मोजून देणारा माणूस पाठीमागे मोठा दडवत असणार. मग त्यांनी दिवसभर पान्याच्या मुठीने बोटीचा तळ इंच इंच ठोकून ऐकला. बुडाशी साचलेलं पाणी बोटाने जिभेवर ठेवून पाहिलं, खारट लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं लागलं तर पाऊस. गोडं लागलं. "पावसाचं आहे," डॉक्टर म्हणाला. "ते मला तुम्ही कशाला सांगताय?" कुलूपवाले म्हणाले, आणि शेवटी घेतली.

आता ती घरी आणायची होती. वारा फिरण्याआधी आणायची, कारण एकदा तो समोरून वाहायला लागला की पुढच्या मोसमापर्यंत बोट तिथेच आणि कुलूपवाले दुकानात. एकट्याने एवढा पल्ला झेपणारा नव्हता. बरोबर माणूस हवा, आणि माणूस तर घरातलाच होता. बायकोचा धाकटा भाऊ. उमेदीची सगळी वर्षं फेरीबोटीच्या सुकाणूवर काढलेला, किनारा तोंडपाठ असलेला. अलीकडेच त्याने नोकरी सोडली होती. का सोडली, हे विचारलं की तो म्हणायचा, "पुरे झालं, भाऊजी. समुद्राला पण माझा कंटाळा आला होता." कुलूपवाल्यांनी हे उत्तर मनात बाजूला काढून ठेवलं होतं, पुढे कधीतरी उघडून बघू म्हणून.

जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला गेला. गुंडाळी होऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार कुलपं ठेवली. कुलूपवाल्यांनी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, तिथून इथे, मधल्या उघड्या समुद्रातून. रात्री पाळी पाळीने जागायचं. एकाने सुकाणू धरायचं, एकाने झोपायचं.

मेव्हण्याने ती रेघ बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला. "असं नको. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. सकाळी निघायचं, संध्याकाळी बंदरात. रोज."

"रोज?"

"रोज. हे बघा, पहिल्या दिवशी इथे, मग इथे, मग ह्या खाडीत." पेन्सिल टुकटुक करत किनाऱ्यावरून चालत गेली, कोंबडीने दाणे टिपावे तशी.

"अरे, तुझ्या हिशेबाने जायचं तर वाटेत म्हातारा होईन मी."

"आता काय कोवळे आहात?" आतून बायको म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूने?"

"मी भात बघतेय. पण तो म्हणतोय ते बरं. रोज जमिनीवर पाय लागेल, मला फोन होईल."

इथे कुलूपवाल्यांच्या कानात बारीक खटका वाजला. भाऊ म्हणाला आणि बहिणीने लगेच री ओढली. लग्न झाल्यापासून या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा तिच्या शिवणयंत्रावरून दोघं वर्षभर बोलत नव्हती. आणि आता बंदरांच्या बाबतीत एका सुरात? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते पावसाचं नव्हतं.

मग सुरू झाला तपास. प्रत्येक बंदराशी मेव्हण्याचं काय आहे? एखाद्या ठिकाणी माल पोचवायचा असेल. म्हणजे बोट आपली, तळ आपण ठोकलेला, आणि त्यात पिशव्या कोणाच्या तरी. किंवा बाई असेल. पण इतक्या बंदरांत? मेव्हण्याची पोट सुटलेली, विजार उसवलेली मूर्ती डोळ्यांसमोर आणून कुलूपवाल्यांनी हा मुद्दा सोडला, तोही जरा नाइलाजानेच. त्यांनी आडून आडून विचारलं. "त्या तिसऱ्या बंदरात ओळखीचं आहे का रे कोणी?"

"आहेत की. सगळीकडे आहेत."

"कोण?"

"भाऊजी, आयुष्य गेलं तिथे. कोण म्हणून सांगू?"

ताकास तूर नाही. शिवाय आणखी एक गोष्ट. मेव्हणा हल्ली दुपारी येई आणि ऊन उतरायला लागलं की उठे. जेवून जा म्हटलं तरी नाही. "काम आहे." नोकरी सोडलेल्या माणसाला अंधार पडायच्या वेळी कसलं काम? एकदा कुलूपवाल्यांनी मुद्दाम बोलण्यात गुंतवून ठेवलं, चहावर चहा पाजला. मेव्हण्याने खिडकीकडे पाहिलं, घाम पुसला आणि बोलणं अर्ध्यावर टाकून निघाला. बायको त्याच्या मागून टॉर्च घेऊन धावली. "जिन्यात दिवा नाही," ती परत येऊन म्हणाली. दिवा होता. कुलूपवाल्यांनीच बसवला होता.

शेवटी ठरलं की आधी दोघांनी जाऊन बोट पाण्यात चालवून बघायची, मग मार्गाचं काय ते बोलायचं. बसने दोघे गेले. पहिल्याच सकाळी मेव्हण्याने बोट अशी बाहेर काढली की कुलूपवाले संशय विसरून बघत राहिले. रुसणारं इंजिन एका हाकेत उठलं. शीड भरलं. वारा कुठून येणार हे त्याला मानेला कळत होतं, बघावं लागत नव्हतं. दुपारभर ते उपसागरात फिरले. कुलूपवाल्यांनी दोन्ही हात पसरून बघितले आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून पटकन खाली घेतले.

ऊन कलल्यावर नांगर टाकून उशिराचं जेवण झालं, तसा मेव्हणा म्हणाला, "चला, वळू."

"अजून लख्ख ऊन आहे."

"वारा पडेल."

वारा मजेत होता. नाक दाबलं की तोंड उघडतं, असा विचार करून कुलूपवाल्यांनी जेवणाच्या निमित्ताने टाकलेला नांगर उचलायला घेतला आणि तो अडकल्याचं सोंग केलं. ओढायचं, सोडायचं, कण्हायचं. ज्याने आयुष्यभर गंजलेली कुलपं उघडली त्याला न उघडण्याचं नाटक काय अवघड? मेव्हणा मदतीला आला तर, "तू सुकाणू सोडू नकोस, मी बघतो." सूर्य पाण्याला टेकला, बुडाला, आणि मग नांगर एकदम शहाण्यासारखा वर आला.

परतीची वाट धरली. किनाऱ्यावर दिवे लागत होते. थोड्या वेळाने मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही धरा जरा. हात बसू दे तुमचा."

आत्ताच का? कुलूपवाल्यांना तर हेच बघायचं होतं, की हा आता कुठे वळतो, कोणाला खूण करतो. "छे छे, तूच ने. मी थकलोय नांगराने." आणि ते पुढे जाऊन बसले, तोंड समुद्राकडे, लक्ष मागे.

समोर एक रिकामा तराफा नांगरून ठेवलेला होता. त्यावर दिवा नव्हता, पण उजेड अजून राखाडी होता आणि तराफा चांगला ऐसपैस दिसत होता. आता हा वळेल, कुलूपवाल्यांनी मनात म्हटलं. मग म्हटलं, मुद्दाम जवळून नेतोय. तराफ्यावर कोणी आहे वाटतं. माल तिथे आहे. त्यांनी मान लांब करून बघितलं, कोणी नव्हतं. तराफ्याच्या कडेचे जुने टायर मोजता येतील इतका तो जवळ आला, आणि त्यांनी मागे वळून मेव्हण्याकडे पाहिलं.

मेव्हण्याचे डोळे सताड उघडे होते आणि थेट तराफ्यावर होते. त्या डोळ्यांत तराफा नव्हता.

कुलूपवाले कसे धावले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सुकाणूचा दांडा त्यांनी मेव्हण्याच्या हातासकट लोटला. बोट कलली, कडेने टायरांना घासत, किरकिरत निघून गेली.

"काय झालं?" मेव्हण्याने विचारलं. विचारायला नको होतं, हे त्यालाही विचारल्यावर कळलं. मग म्हणाला, "दिवसभर उन्हाने डोळे दिपलेत."

"माझेही," कुलूपवाले म्हणाले, आणि पुढे बोट त्यांनीच नेली.

धक्क्यावर उतरताना मेव्हण्याने आधी पाय पुढे करून पायरीची कड चाचपली, मग कठड्यावरून हात सरकवत नेला, बोटांनी पुढचं विचारत विचारत. कुलूपवाले मागे उभे राहून बघत होते. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. कुलपाच्या पोटात तार घातली की ते असंच करत. जे दिसत नाही ते हाताला विचारायचं. नोकरी, दुपारचा चहा, टॉर्च, रोजचं बंदर, सगळे खटके एकामागून एक पडले आणि कुलूप उघडलं. आत माल नव्हता, बाई नव्हती. अंधार पडला की आंधळा होणारा एक सुकाणूवाला होता, आणि हे कोणाला कळू नये म्हणून त्याने सोडलेली सगळ्या आयुष्याची नोकरी होती.

त्यांनी पुढे होऊन हात धरला नाही. नुसते मोठ्याने बडबडत पुढे चालले, "इथे दोर पडलाय बघ मेला, इथे पायरी तुटलीय, कोणी लक्षच देत नाही." मेव्हणा आवाजामागून आला.

घरी परतल्यावर पुन्हा नकाशा, पुन्हा चार कुलपं. मेव्हणा दुपारीच आला होता आणि काहीतरी ठरवून आला होता. "भाऊजी, मी काय म्हणतो, तुम्ही दुसरा कोणी तरणा माणूस बघा. तुमची ती सरळ रेघ..."

"खोड ती रेघ," कुलूपवाले म्हणाले.

"का?"

"मला भीती वाटते. रात्री उघड्या समुद्रात. त्या दिवशी तराफ्यापाशी माझी बोबडी वळली होती. रोज संध्याकाळी बंदरात जायचं असेल तर मी येतो, नाहीतर तूच एकटा आण."

मेव्हण्याने रेघ खोडायला रबर उचललं आणि परत ठेवलं. तोंडावर आनंद दिसेना. या माणसाने उभ्या जन्मात कशाला भितो म्हटलेलं नव्हतं, आणि दुसऱ्याचं म्हणणं पहिल्या दमात मानलेलं तर मुळीच नव्हतं. "नक्की एवढंच ना?" त्याने विचारलं.

"एवढंच."

"अजून काही मनात असेल तर सांगा."

"काही नाही रे बाबा."

मेव्हणा ऊन असतानाच उठला, दारापर्यंत गेला, थांबला, आणि जाताना बहिणीच्या कानाशी लागला. कुलूपवाल्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. "ताई, लक्ष ठेव जरा. ह्यांचं काहीतरी चाललंय."

दार लागलं. बायको येऊन नकाशा गुंडाळायला लागली.

"तुला माहीत होतं," कुलूपवाले म्हणाले. "त्याच्या डोळ्यांचं."

"हो."

"मग तोंडाला कुलूप का? मी त्याला चोर समजत होतो. बोट फुटली असती त्या दिवशी."

"त्याने शपथ घातली होती. आणि समजा सांगितलं असतं," ती गुंडाळीला दोरा बांधत म्हणाली, "तर तुमचा विश्वास बसला असता?"

कुलूपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. बहीण सांगतेय की भावाला संध्याकाळचं दिसत नाही. म्हणजे दोघं मिळून काहीतरी लपवताहेत.

"नसता," ते म्हणाले.