आमगावच्या बाजारातला कवी

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. आमगावच्या आठवडी बाजारात एक कवी स्वखर्चानं छापलेलं आपलं पुस्तक विकायला बसायचा. कुणी प्रत चाळू लागलं की, त्याला संकोच नको म्हणून स्वतः दुसरीकडे बघायचा. गोंदियाच्या एका साप्ताहिकात टोपणनावानं मीच त्या पुस्तकाची टर उडवली होती.

एकदा न राहवून विचारलं, "लोक नावं ठेवतात, राग नाही येत?"

"कायले येईन जी? सारे 'मस्त हाये' म्हणतेत अन् वापस ठेवतेत." त्यानं खिशातून माझ्याच लेखाचं कात्रण काढलं. "यानं शिव्या देल्या, पन पुरं त वाचलन! तुमी गोंदियाचे. भेटला त माहा रामराम सांगजा."

मी 'हो' म्हणालो. पहिल्या दोन पानांपुढं ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं.